बंगाली रूपकथा लेकरांना मराठीतून सांगायच्या आहेत. कोणत्या घ्याव्यात, कशा सांगाव्यात?

पाटीपेन्सिल, परभणी

दुसरी ते चौथीची लेकरं एकत्र बसतात, तीसेक आहेत. शनिवारी ४० मिनिटं गोष्टीला मिळतात, त्यातले चार शनिवार बंगालच्या लोककथांसाठी ठेवतेय. अडचणी तीन. नावं लेकरांच्या तोंडी बसतील का? मधल्या पद्याच्या ओळी गाळल्या तर गोष्ट कोरडी होते, जशाच्या तशा म्हटल्या तर कळत नाहीत, त्यांचं काय करावं? आणि राक्षसीण राणी लेकरं खाते, राजा राण्यांची नाकं कापायला लावतो, हे दुसरीच्या लेकरांपुढं कसं मांडावं? गोष्टींचा क्रमही सुचवा.

कापूसकाडी

सुरुवात सुखू-दुखूपासून करा, ताई. कापसाच्या मुलखातल्या लेकरांना ही गोष्ट समजावून द्यावी लागत नाही.

विणकराच्या दोन बायका, दोघींना एकेक लेक. दुखू आणि तिची आई सूत कातून पोट भरतात. एक दिवस दुखू उन्हात घातलेल्या कापसाची राखण करत बसलेली असते, वारा येतो आणि सगळा कापूस उडवून नेतो. ती रडत मागं धावते. वाटेत गाय म्हणते, माझा गोठा झाड. केळ म्हणते, अंगावरचे वेल काढ. शेओड्याचं झाड म्हणतं, बुंध्याखालचा कचरा लोट. घोडा म्हणतो, मूठभर गवत घाल. पुढं चंद्राची म्हातारी आई एकटीच सूत कातत बसलेली. (वावरात उडणाऱ्या म्हातारीच्या कापसाशी लेकरं हे आपणहून जोडतात. आपण आधी सांगून टाकू नये.) म्हातारी तळ्यात बुडी मारायला लावते. एका बुडीत रूप येतं, दुसरीत अंगभर दागिने. पेटी उचल म्हटल्यावर दुखू सगळ्यांत लहान उचलते. परतताना घोडा पक्षिराजाचं, म्हणजे पंखांच्या घोड्याचं, शिंगरू देतो, शेओडा मोहरांचा घडा, केळ सोन्याच्या केळ्यांचा घड, गाय कपिला वासरू.

जाताना गाय, केळ, शेओडा, घोडा. येताना बरोबर उलटं. सांगणाऱ्याचा हा क्रम चुकला की गोष्टीची वीण उसवते. जमिनीवर ओळीनं शेणाची पाटी, केळीचं पान, खराटा आणि गवताची पेंढी ठेवा आणि चालत चालत सांगा, म्हणजे चुकणार नाही. शेओडा बंगालात भुतांचं झाड समजतात, आपल्याकडं चिंचेला समजतात तसं. एवढं एका वाक्यात सांगितलं की पुरे, झाड बदलू नका.

दुखूला १५ मिनिटं द्या, सुखूला ५. इथंच बहुतेकांची गोष्ट पडते, कारण दोन्ही फेऱ्या सारख्याच लांबीनं सांगतात आणि दुसऱ्या फेरीत पुढचं सगळं लेकरांना आधीच ठाऊक असतं. सुखू कुणाचंच ऐकत नाही, तिसरी बुडी मारते, मोठी पेटी आणते. पेटीतून अजगर निघतो, सकाळी हाडं सापडतात. दुसरीच्या लेकरांपुढं झाकण उघडून ‘सळसळ’ एवढ्यावर थांबा. पण सुखूला माफी मागायला लावून गोष्ट गोड करू नका, तिचा कणाच जातो.

दौत-टाक, नांदेड

वरच्या उत्तराशी सहमत. पुढचे तीन शनिवार असे घ्या: टुनटुनी आणि न्हावी, सात भाई चंपा, शेवटी लालकमल-नीलकमल.

टुनटुनी म्हणजे आपला शिंपी पक्षी. या गोष्टी ‘ठाकुरमार झुली’त नाहीत, ते दक्षिणारंजन मित्र मजुमदारांचं १९०७चं संकलन, तर टुनटुनीच्या गोष्टी उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१०ला छापल्या. पोत वेगळा आहे, बोलका आणि थट्टेखोर, तो तसाच ठेवा. वांग्याच्या झाडावर नाचताना काटा रुततो, गळू होतं. न्हावी ते कापायला नकार देतो, मग टुनटुनी राजा, उंदीर, मांजर, काठी, आग, समुद्र, हत्ती अशी फिरते. शेवटी डास ऐकतो आणि साखळी उलटी धावत न्हाव्यापर्यंत येते. नऊ लेकरं उभी करा, प्रत्येकाला एकच वाक्य.

नाकं कापली जातात ती टुनटुनी आणि राजाच्या गोष्टीत. ती चौथीला वेगळी सांगा.

पद्यासाठी नियम सोपा आहे. फिरून फिरून येणारी ओळ बंगालीच ठेवा, अर्थ पुढं नेणारी मराठीत करा. सात भाऊ चंप्याची फुलं झालेले, बहीण पारुलचं फूल; तिची ‘सात भाइ चंपा जागो रे’ ही हाक लेकरांना तशीच म्हणू द्या. पण फुलं माळ्याला नकार देतात ते मराठीत यायलाच हवं: ‘नाही देणार, नाही देणार, उंच उंच जाऊ, आधी राजाला येऊ द्या, मग फूल देऊ.’ पारुल म्हणजे आपली पाडळ. राक्षसांचं ‘हाऊं माऊं खाऊं, मानुषेर गंध पाऊं’ यात फक्त ‘माणसाचा’ एवढाच बदल लागतो. अनुस्वार खाऊ नका. बंगाली भुतं-राक्षसं नाकात बोलतात, भीती आणि हसू दोन्ही त्या नाकातल्या सुरात आहे.

रातकिडा

लालकमलबद्दल. राक्षसीण दोन्ही राजपुत्रांना खाते ते एका वाक्यात सांगा, आणि पुढच्याच वाक्यात ते लालकमल-नीलकमल होऊन पुन्हा जन्मतात हे आलंच पाहिजे. मध्ये दम घेऊ नका, तिथं घंटाही होऊ देऊ नका.

निवांत रंगवायचा तो खोक्कसांचा (हेही राक्षसच) प्रसंग. रात्र, बंद दार, आत तुपाचा दिवा आणि तलवार. बाहेरून विचारतात, कोण जागं आहे? उत्तरात नीलकमलचं नाव पहिलं आलंच पाहिजे, कारण त्याच्या अंगात राक्षसाचं रक्त आहे आणि खोक्कस त्यालाच भितात. नख दाखव म्हटलं की फटीतून मुकुटाचं टोक, थुंकी दाखव म्हटलं की कढत तूप, जीभ दाखव म्हटलं की तलवार. नंतर एकदा लालकमल आपलंच नाव आधी घेतो आणि दार फुटतं. ‘चुकला!’ हे लेकरांनी ओरडायला हवं, म्हणून बरोबर उत्तर आधी निदान तीनदा त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

पाटीपेन्सिल, परभणी

नाकातला सूर आणि तीनदा म्हणवून घेणं, दोन्ही टिपून ठेवलं. गोष्ट संपवायची कशी? ‘साठा उत्तराची कहाणी’ इथं जोडलं तर चालेल का?

कापूसकाडी

नको, बंगालीचा स्वतःचा शेवट आहे: ‘आमार कथाटि फुरोलो, नोटे गाछटि मुडोलो.’ माझी गोष्ट सरली, माठाचं झाड खुडलं गेलं. नोटे ही माठाच्याच जातीची पालेभाजी. तीस जणांत वाटून घ्या. का रे माठा, खुडलास? गाय का खाते? का गं गाई, खातेस? गुराखी का चारत नाही? का रे गुराख्या? सून भात का देत नाही? का गं सूनबाई? लेकरू का रडतं? का रे लेकरा? मुंगी का चावते? का गं मुंगी?

मुंगीची ओळ सगळ्यांत लहान लेकराला द्या: कुटुस कुटुस चावीन, बिळात जाऊन बसेन.