काऊला इंग्रजीत दार ठोठावू द्या

इंग्रजीच्या तासाला मराठीला मज्जावच हवा, नाहीतर मुलं इंग्रजी बोलणारच नाहीत, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. सहा वर्षांच्या मुलासमोर अनोळखी गोष्ट अनोळखी भाषेत ठेवली की बरीच मुलं तिथेच गप्प होतात.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊ दार उघडायला सांगतो, चिऊ म्हणते थांब, बाळाला अंघोळ घालते. पुन्हा हाक, पुन्हा नवं कारण. आधी ही गोष्ट घरच्या भाषेत मस्त रंगवून सांगायची. दुसऱ्यांदा सांगताना फक्त काऊचं वाक्य इंग्रजीत, 'ओपन द डोअर!' नंतर कधीतरी चिऊचं 'वेट!' अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे मुलांचं लक्ष वाक्याकडे जातं, आणि ते इतक्यांदा येतं की वेगळं पाठांतर लागत नाही. वर्गात गोंडी किंवा हिंदी बोलणारं मूल असेल तर काऊला त्या भाषेतही हाक मारू द्या. एरवी मागे बसणारं ते मूल त्या दिवशी सगळ्यांना शिकवतं!

मात्र प्रत्येक इंग्रजी वाक्यापाठोपाठ भाषांतर नको. मुलं मग मराठीचीच वाट बघत बसतात. हावभाव आणि चित्रं पुरतात.

गोष्टी हव्या असतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून तिथे मुक्त परवान्याची, म्हणजे मोफत वाचता-वापरता येणारी चित्रपुस्तकं आहेत, आणि कित्येक गोष्टी मराठी-इंग्रजी दोन्हींत मिळतात.