ग्रामसभेचा माल घेऊन ठेकेदार ठेकाच तिसऱ्याला देतो, हे चालू द्यायचं का?

धानोऱ्याचा, सध्या नागपूर
ठेका एकाने घ्यायचा अन काम दुसऱ्याने करायचं, हे गडचिरोलीकडे इतकं चालून राहिलंय की लोकांना त्यात काही वावगंच वाटत नाही. करारनामा होतो नागपूर-गोंदियाच्या एका व्यापाऱ्याशी, फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, येऊन बसतो भलताच माणूस, मे महिन्यात तेंदूची पानं तोडून झाली, बोद म्हणजे पानांच्या गोण्या ट्रकमध्ये गेल्या की पहिला म्हणतो त्याला विचारा आणि दुसरा म्हणतो माझा तुमच्याशी करारच कुठंय. आमच्या नात्यातल्या एका गावाला मजुरी मिळाली पण रॉयल्टी, म्हणजे मालाचे ग्रामसभेला मिळायचे पैसे, अजून अडकून आहे. बांबूत तर जंगलच जातं. पोटठेकेदाराला त्या रानात पुन्हा पाय ठेवायचा नसतो, तो वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब पण सोडत नाही, बांबूचं अख्खं बेट बुडापासून साफ करतो. माझं मत सरळ आहे, ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय ठेका दुसऱ्याला दिला की करार रद्द, अनामत जप्त. वनहक्क कायद्याचं कलम 4(4) सांगतंच की जंगलावरचा हा हक्क वारसाने जातो, हस्तांतरित करता येत नाही.

बर्डीवाला
भाऊ राग समजतो, पण एका व्यापाऱ्याकडे पंधरा-वीस गावांचा माल असते, तो काय सगळ्या फळ्यांवर स्वतः बसणार? इतक्या अटी टाकल्या तं बोली लावायला कोणी येणारच नाही. 2017 ला तेंदूवर 18 टक्के जीएसटी लागला, पुढच्या हंगामात भाव कोसळले, ग्रामसभा व्यापाऱ्यांच्या मागे फिरत होत्या. वनखात्याकडे लिलाव होता तेव्हा निदान वसुली तरी होत होती.

रानवाटा
देखरेखीला मुन्शी म्हणजे कारकून ठेवणं वेगळं आणि ठेका विकून टाकणं वेगळं, हे दोन्ही एकत्र करू नका. आणि खात्याचं कौतुक नकोच. पेपर मिलला वर्षानुवर्षे बांबू लीजवर जात होता अन गावातल्या माणसाला घराच्या कुडासाठी चार बांबू आणायची चोरी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला तरी बांबू विकायला टीपी, म्हणजे माल नेण्याचा वाहतूक परवाना, खात्याचीच लागत होती. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले तेव्हा कुठे टीपी बुक ग्रामसभेच्या हातात पडलं.

बर्डीवाला
आणि आता तेच टीपी बुक कोऱ्या सह्या करून ठेकेदाराच्या मुन्शीकडे ठेवणारं गाव मी पाहिलंय. मग त्या पासवर कुठल्या जंगलाचा माल गेला कोणाले माहीत. पोटठेका देणारा दोषी आहेच, पण सही कोणाची होती?

कोर्टातला
4(4) तेंदूच्या करारावर लावू नका, नागपूर खंडपीठात पहिल्याच तारखेला अडकाल. 3(1)(सी) खाली गौण वनोपज गोळा करून विकायचा हक्क आहेच, तोडलेलं पान विकलं म्हणजे हक्क विकला असं होत नाही. तिथे करारभंगाचीच केस आहे, म्हणून करारातच पोटठेक्याला बंदी लिहून घ्या. पण उभं जंगल ठेकेदाराच्या हवाली केलं की मामला बदलतो, कारण जंगलाचं संरक्षण-व्यवस्थापन हा 3(1)(आय) चा हक्क आहे आणि तो कोणाला देता येत नाही.

धानोऱ्याचा, सध्या नागपूर
बांबूत उभंच तर विकून राहिले! कोणतं बेट तोडायचं, किती ठेवायचं हे पण ठेकेदारच ठरवतो. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत वनोपज गोळा करणाऱ्याने किंवा त्यांच्या सहकारी संस्थेने, महासंघाने विकायचं लिहिलंय, आणि टीपी द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला. म्हणजे गावाने स्वतः तोडायचं, डेपोवर थप्पी लावायची, मग बोली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगाव या गावाने हेच केलं, आणि तेंदूसाठी झाडं छाटतात, आगी लावतात म्हणून तेंदू तोडणंच बंद केलं.

बर्डीवाला
पाचगाव एक आहे हो. बाकी गावांनी हप्त्याची मजुरी कुठून द्यायची? बँक ग्रामसभेला उभी करत नाही, तो पैसा ठेकेदारच टाकतो, म्हणून त्याचं चालतं.

रानवाटा
हा मुद्दा मला पण मान्य आहे, भांडवल हीच खरी गोम. म्हणून तर गडचिरोलीतल्या कोरची तालुक्याच्या ग्रामसभांनी महाग्रामसभा, म्हणजे आपला महासंघ, केली, एकट्या गावाला व्यापारी दाबतो, पूर्ण तालुका एकत्र बसला तर त्याला बोलताना विचार करावा लागतो. शासनाने हंगामापुरतं खेळतं भांडवल या महासंघांना द्यावं, आदिवासी उपयोजनेत पैसा आहे की.

धानोऱ्याचा, सध्या नागपूर
तोपर्यंत तरी एवढं करा. बोद भरायच्या आधी निम्मी रॉयल्टी ग्रामसभेच्या बँक खात्यात, ट्रक हलायच्या आधी बाकीची, आणि टीपी फक्त करारावर ज्याचं नाव त्यालाच, तेही समितीने गोण्या मोजून, तिथंच भरून.

बर्डीवाला
अन पैसे यायला आठ दिवस लागले, वरून अवकाळी आला तं? भिजलेल्या पानाला कोणी हात लावत नाही, बदनामी गावाची होईल, पुढच्या वर्षी बोली नाही.

धानोऱ्याचा, सध्या नागपूर
फळीवर पान वाळून पडलंय अन पावसाची भीती आहे हे व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पैसे तो त्याच दिवशी टाकतो.