आयमॅक्स, थ्रीडी, ॲटमॉस की साधा पडदा? नव्या सिनेमाचं तिकीट कसं निवडावं?

दोनच_तिकिटं
महिन्याला दोनच सिनेमे थिएटरात बघायचे असतील तर निवड कशी करावी? हल्ली एकच सिनेमा चार-पाच प्रकारांत लागतो आणि प्रत्येकावर 'सर्वोत्तम अनुभव' असंच लिहिलेलं असतं. नेमके प्रश्न असे: मोठा पडदा कोणत्या सिनेमाला खरोखर लागतो हे आधी कसं ओळखायचं? थ्रीडी घ्यावं का? संवाद अस्पष्ट येतात, त्याला काही उपाय? आणि रांग कोणती धरावी? गेल्या दोन-तीन वर्षांतली उदाहरणं देऊन सांगा, मोघम नको.

चौकट
पाटी बघू नका, सिनेमा कशावर चित्रित झालाय आणि चौकट कोणती आहे ते बघा. सगळी मेख त्यातच आहे.

चौकट म्हणजे चित्राच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण. बहुतेक भव्य सिनेमे २.३९:१ या लांबट चौकटीत येतात. आयमॅक्सचा डिजिटल पडदा १.९०:१ असतो. सिनेमा आयमॅक्ससाठी उंच चौकटीत बनवला असेल तर तेवढ्याच रुंदीत चित्र सव्वापट उंच होतं, म्हणजे वर-खाली खरोखर जास्तीचं दृश्य मिळतं. पण सिनेमा मुळात पूर्ण २.३९ मध्येच असेल तर आयमॅक्सच्या पडद्यावरही वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. मग मोठा पडदा आणि आवाज एवढ्याचेच जास्तीचे पैसे.

'सिनर्स' (२०२५) हे यासाठी उत्तम उदाहरण. त्यात दोन टोकाच्या चौकटी वापरल्यात: अल्ट्रा पॅनाव्हिजन या अतिरुंद फिल्मपद्धतीची २.७६:१ आणि आयमॅक्स फिल्मची १.४३:१. चित्र लांबट चौकटीतून उंच होतं तो क्षण कथेशी बांधलेला आहे, उगाच नाही. हा सिनेमा लहान पडद्यावर बघणं म्हणजे अर्धा बघणं, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्ण १.४३ मात्र ७० मिमी फिल्मच्या किंवा दुहेरी लेझर प्रोजेक्टरच्या मोजक्याच आयमॅक्समध्ये दिसतं. बाकी ठिकाणी १.९० वर समाधान मानावं लागतं. या फिल्मचा पसाराच मोठा आहे: 'ओपनहायमर'ची (२०२३) आयमॅक्स ७० मिमी प्रत सुमारे १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाची होती.

तेव्हा तिकिटाआधी दोन गोष्टी शोधा. सिनेमाच्या तांत्रिक माहितीत एकाहून जास्त चौकटी दिल्यात का, आणि जाहिरातीत 'आयमॅक्ससाठी चित्रित' म्हटलंय की नुसतं 'आयमॅक्समध्ये पाहा'. दुसऱ्याचा अर्थ बहुधा एवढाच की तयार सिनेमाची प्रत त्या पडद्यासाठी सुधारून घेतलीय.

आणि उशीर करू नका. पुढचा मोठा सिनेमा आला की आयमॅक्सचा पडदा त्याला जातो आणि उरलेले खेळ लहान सभागृहात सरकतात. पहिल्या आठवड्यातच जा.

कानसेन
संवादांचं सांगतो. थिएटरच्या ध्वनियंत्रणेवर आवाजाचा आकडा ० ते १० असतो आणि सिनेमाचं ध्वनिमिश्रण करणारे ७ हा आकडा धरून काम करतात. ट्रेलर कर्कश वाटतात म्हणून तक्रार येते, आकडा ५ वर येतो आणि मुख्य सिनेमा सुरू झाला तरी तिथेच राहतो. त्या पट्टीवर एक घर म्हणजे साधारण ३.३ डेसिबल. दोन घरं खाली आलं की जवळपास ७ डेसिबल गेले. स्फोट तरीही ऐकू येतात, कुजबुज बुडते. लोकांना वाटतं सिनेमाच असा आहे.

पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन सांगा. 'आवाज वाढवा' एवढंच म्हणू नका, 'संवाद मधल्या स्पीकरमधून दबके येताहेत, आकडा कितीवर आहे ते बघाल का' असं विचारा. नेमकं सांगितलं की लगेच हालचाल होते. बाजूच्या स्पीकरमधून संगीत आणि गोंगाट मोठा पण संवाद जवळपास गायब, असं असेल तर मधला स्पीकर बिघडलेला असण्याची शक्यता जास्त. तेव्हा आकडा वाढवून काही होत नाही, दुसऱ्या सभागृहातला खेळ मागून घ्या.

काही वेळा दोष थिएटरचा नसतो हेही खरं. 'ओपनहायमर'चे दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन चित्रीकरणाच्या वेळचेच संवाद ठेवणं पसंत करतात, नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घेणं टाळतात. अशा सिनेमाला सबटायटलचा खेळ मिळाला तर तोच घ्या.

ॲटमॉस म्हणजे डॉल्बीची चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणारी ध्वनियंत्रणा. तिच्यात १२८ ध्वनी एकाच वेळी हाताळता येतात आणि ६४ पर्यंत वेगळे स्पीकर, छतावरचे धरून. फायदा घ्यायचा तर भिंतीलगतची खुर्ची टाळाच. तिथे एकच स्पीकर कानाशी वाजतो आणि बाकीची जादू संपते. 'ड्यून: पार्ट टू'ला (२०२४) ध्वनीचं ऑस्कर मिळालं. असा सिनेमा आणि आयमॅक्सची तिकिटं संपलेली, तर बिनधास्त ॲटमॉस घ्या.

दोनच_तिकिटं
धन्यवाद! थ्रीडीचं काय? 'अवतार'सारखा सिनेमा टूडीत बघणं चूक ठरेल का? मागच्या खेपेला चष्मा लावल्यावर सगळं संध्याकाळ झाल्यासारखं दिसत होतं.

दोन_काचा
अंधाराचं कारण साधं आहे. टूडीसाठी पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हे प्रमाण आहे. थ्रीडीत प्रत्येक डोळ्याला आळीपाळीने चित्र मिळतं, शिवाय प्रोजेक्टरपुढची आणि चष्म्याची पोलराइज्ड काच प्रकाश खाते. बऱ्याच ठिकाणी डोळ्यापर्यंत ४-५ फूट-लॅम्बर्टच पोचतात. दिवा जुना झाला असेल तर त्याहूनही कमी. म्हणून थ्रीडी बघायचं तर लेझर प्रोजेक्टरवरच. डॉल्बी सिनेमा या खास सभागृहांच्या दुहेरी लेझरवर थ्रीडीतही १४ मिळतात, टूडीत ३१.

आता कोणता सिनेमा. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने मुळातच थ्रीडीत चित्रित झालेला असेल तर घ्या. टूडीत चित्रित करून नंतर खोली चढवलेला असेल तर माझा सल्ला, नकोच. केसांच्या कडा, धूर, काचेतली प्रतिबिंबं इथे ते उघडं पडतं: माणूस पुठ्ठ्याचा वाटतो. 'अवतार: द वे ऑफ वॉटर' (२०२२) मुळातला थ्रीडी आहे आणि त्यातले काही प्रसंग नेहमीच्या २४ ऐवजी सेकंदाला ४८ फ्रेमने दाखवले जातात. पाण्याखाली ते सुरेख दिसतं. कुणाला ते टीव्हीसारखं गुळगुळीत वाटतं, पण जलद हालचालीत थ्रीडीचं थरथरणं कमी करायचं तर तोच मार्ग. अशा सिनेमाला टूडी हा दुसरा पर्याय समजा.

खुर्ची मधोमधच हवी. पोलराइज्ड थ्रीडीचा पडदा चंदेरी असतो, प्रकाश समोर जास्त फेकतो, कडेला बसलेल्याला चित्र मळकट दिसतं. दोन-दोन प्रतिमा दिसत असतील तर आधी चष्मा मऊ कोरड्या कापडाने पुसा. काही प्रणालींत डोकं कलतं झालं तरी प्रतिमा दुहेरी होते, ताठ बसा. तरीही गेलं नाही तर प्रोजेक्टरचा दोष आहे, उठून सांगा. एका डोळ्याची नजर बरीच कमी असेल तर थ्रीडीवर पैसे घालू नका, खोली जाणवणारच नाही आणि डोकं दुखेल.

तिसरी_घंटा
सगळे भव्य सिनेमांबद्दलच बोलताहेत, म्हणून जरा विरोधात मत देते. दोनातलं एक तिकीट शांत सिनेमाला ठेवा. घरी सर्वात जास्त नुकसान त्यांचंच होतं.

'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३) बघा. पडद्यावर घर, बाग, फुलं. भिंतीपलीकडे छळछावणी आहे आणि ती फक्त ऐकू येते. त्यालाही ध्वनीचं ऑस्कर आहे. घरी पंखा चालू असताना तो सिनेमा निम्मा नाहीसा होतो. याला आयमॅक्स नको, चांगल्या स्पीकरचं लहान सभागृह आणि दुपारचा कमी गर्दीचा खेळ हवा. 'फ्लो' (२०२४) हा लाटव्हियाचा ॲनिमेशनपट, त्यात एकही संवाद नाही, दीड तासाच्या आत संपतो. लहान मुलांना भाषेची अडचण न येता दाखवता येतो. 'परफेक्ट डेज' (२०२३) जवळपास चौकोनी चौकटीत आहे, लांबट पडद्यावर दोन्ही बाजू रिकाम्या राहतात, म्हणून नेहमीपेक्षा दोन-तीन रांगा पुढे बसा.

लांबी बघून घाबरत असाल तर 'द ब्रुटलिस्ट' (२०२४) साडेतीन तासांच्या वर आहे, पण १५ मिनिटांचं मध्यंतर सिनेमातच बांधलेलं आहे.

हलत्या खुर्च्या? पाठलाग, शर्यती असतील तर एकदा ठीक. कथा पहिल्यांदा बघताना नको, लक्ष पाठीकडे जातं.

चौकट
रांगेचं राहिलं होतं. पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर चित्र नजरेचा साधारण ३७ अंशांचा पट्टा व्यापतं, १.२ पटीवर ४५ अंश. साध्या सभागृहात या दोहोंच्या मधली रांग धरा, बहुतेक ठिकाणी ती पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे येते. आवाजाची जुळवणीही साधारण तिथेच आवाज मोजायचा माइक ठेवून करतात, त्यामुळे एका खुर्चीत दोन्ही साधतं. उंच आयमॅक्समध्ये मधल्या रांगेच्या एक-दोन मागे. मान वर करावी लागली तर रांग चुकली. सबटायटल असतील तर आणखी एक रांग मागे, नाहीतर नजर सारखी खाली-वर होते.

दोनच_तिकिटं
शेवटचं एक. टूडी सिनेमाही अंधारा दिसला तर काय समजायचं?

दोन_काचा
मागे वळून प्रोजेक्शनच्या खिडकीकडे बघा. काही जुन्या प्रोजेक्टरांवर थ्रीडीचं भिंग काढायचं राहून जातं आणि एकावर एक असे दोन झोत दिसतात, तेव्हा टूडीचा उजेड खूप घटतो. आयमॅक्समध्ये मात्र दोन प्रोजेक्टर असणं नेहमीचंच, तिथे दोन झोत म्हणजे दोष नव्हे. साध्या सभागृहात दिसले तर 'थ्रीडीचं भिंग लागलेलं आहे का' एवढंच विचारा. भिंग बदलायला खेळ थांबवावा लागतो, म्हणून ट्रेलर चालू असतानाच सांगा.