'तडजोडीचा कायदा' म्हणावं का?

प्रश्न
अमेरिकेतल्या हवामान चळवळीवर लेख लिहितेय. मुद्दा असा, की मनासारखा नसलेला कायदा होऊ घातला असेल तर चळवळीने त्याला हात द्यावा की मोडता घालावा? उदाहरणं दोन : २००९ चा उत्सर्जन-कपातीचा वॅक्समन-मार्की कायदा आणि स्वच्छ ऊर्जेला करसवलती देणारा २०२२ चा इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट. 'तडजोडीचा कायदा' लिहिलं की चळवळ आधीच हरल्यासारखी वाटते. 'समझोता' म्हटलं की दोन देशांची शिष्टमंडळं डोळ्यांपुढे येतात. दुसरं काही सुचतंय?

उत्तर
तडजोड बिचारी इतकी वाईट नाही. लोकअदालतीत दावे 'तडजोडीने निकाली' निघतात, तिथे कुणाची मान खाली जात नाही. शब्द डागाळतो तो 'शी'च्या आधी काय येतं त्यावर. 'विरोधकांशी तडजोड' म्हणजे व्यवहार, 'तत्त्वाशी तडजोड' म्हणजे घात. तेव्हा कुणाशी ते लिहा, अर्धा प्रश्न सुटेल.
'तोडगा' मात्र नको. तो दोन्ही बाजूंचं समाधान झाल्यावर शोभतो, इथे तर कुणाचंच झालं नव्हतं.

उत्तर
वॅक्समन-मार्कीपुढचा 'कायदा' आधी खोडा. ते विधेयकच राहिलं. २६ जून २००९ ला प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ असं जेमतेम तरलं आणि सेनेटमध्ये मतदानापर्यंतही पोचलं नाही.
त्यात होतं काय? २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्सर्जनात १७ टक्के कपात, आणि त्यासाठी खरेदी-विक्री करता येतील असे उत्सर्जनाचे परवाने. सुरुवातीला त्यातले ८५ टक्क्यांच्या आसपास फुकट वाटायचे होते. एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड आणि एनआरडीसी या पर्यावरण संस्था विधेयकाच्या बाजूने ड्यूक एनर्जी, जनरल इलेक्ट्रिक वगैरे कंपन्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. ग्रीनपीस आणि फ्रेंड्स ऑफ द अर्थ विरोधात गेल्या.
'अर्धवट आहे' हा आक्षेप होताच, पण खरी मेख पुढे आहे. २००७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्वच्छ हवेच्या जुन्या कायद्याखाली हरितगृह वायूंवर नियम करायची वाट सरकारला मोकळी झाली होती. वीजकेंद्रं आणि कारखान्यांपुरती ती वाट हे विधेयक बऱ्याच अंशी बंद करत होतं. कमी मिळणं आणि हातातलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते पाठिंबा द्यावा की नाही हे इथेच ठरतं, विधेयक किती टक्के मनासारखं आहे यावर नाही. याला तडजोड कसली म्हणता? हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे!

उत्तर
२०२२ च्या कायद्याला मी सरळ 'सौदा' म्हणेन. सेनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी, उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताने ५१ झाले. एकही मत गमावून चालणार नव्हतं. म्हणजे हॅरिस यांच्याच पक्षाचे, कोळशाच्या वेस्ट व्हर्जिनियाचे तेव्हाचे सेनेटर जो मँचिन म्हणतील ती पूर्व दिशा. ऊर्जा आणि हवामानासाठी सुमारे ३६९ अब्ज डॉलर, पण सोबत एक अट : समुद्रात पवनऊर्जेसाठी नवे भाडेपट्टे द्यायचे तर त्याआधीच्या वर्षभरात निदान ६ कोटी एकर समुद्र तेल आणि वायूसाठी लिलावात काढलेला हवा. आवळा देऊन कोहळा काढला हे सगळे मान्य करतील, फक्त कोहळा कुणाच्या घरी गेला यावर चळवळ फुटली.

उत्तर
आमच्या मुंबईत याला मांडवली म्हणतात. :)

उत्तर
नाही हो. मांडवली पडद्याआड होते, ही कलमं छापील मजकुरात होती. माउंटन व्हॅली वायुवाहिनीचं मात्र म्हणा खुशाल. ३०३ मैलांची ती वाहिनी मँचिनना हवी होती. तिचा शब्द बाजूला, वेगळा दिला गेला आणि जून २०२३ मध्ये कर्जमर्यादेच्या कायद्यात घुसवून तो पाळला. वाहिनीच्या वाटेवरची माणसं याला तडजोड कशी म्हणतील? त्यांना बोलावलं कुणी होतं?

उत्तर
एक जुना शब्द घ्या : 'प्रतियोगी सहकारिता'. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा तोकड्या आहेत हे टिळकांनी सांगितलंच, तरी त्या झिडकारल्या नाहीत. मिळालं ते राबवू, उरलेल्यासाठी भांडत राहू, आणि सरकार जितकं सहकार्य करील त्या मापाने आपणही करू, अशी ती भूमिका. तुमच्या लेखाला अगदी हवी ती छटा यात आहे. अडचण एवढीच, की हिंदीच्या संगतीने आजचा वाचक 'प्रतियोगी' पाहून स्पर्धा परीक्षेच्या क्लासकडे वळेल.

प्रश्नकर्ती
छान आहे, पण तळटीप द्यावी लागेल. मग २०२२ साठी 'चळवळीचा सशर्त पाठिंबा' लिहू का?

उत्तर
'सशर्त' म्हणजे तुम्ही अट घालता आणि समोरचा ती मानतो. इथे अटी मँचिनच्या होत्या. सनराइज मूव्हमेंट या हवामान संघटनेची तरुण मंडळी नाराज होती तरी 'मंजूर करा' म्हणाली, दगडापेक्षा वीट मऊ. 'नाइलाजाने पाठिंबा' लिहा. आणि या कायद्यातल्या करसवलतींबद्दल लिहिताना क्रियापदाचा काळ सांभाळा. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने पवन आणि सौरऊर्जेच्या करसवलतींना मोठी कात्री लागली आहे, तेव्हा 'मिळते' नको, 'मिळत होती' करा.