'जबाबदार' : कोणाला आणि कशाला?

अनुवादक :
एका संयुक्त पाणीपुरवठा संस्थेच्या कारभारावरचा मजकूर मराठीत करते आहे. पाच-सहा शहरं मिळून शुद्धीकरण केंद्र आणि मोठ्या जलवाहिन्या चालवतात, आणि प्रत्येक शहर मंडळावर आपापला माणूस पाठवतं. मजकुरात दर परिच्छेदाला 'अकाउंटेबिलिटी' येते. मी 'जबाबदारी' लिहिलं, संपादकांनी 'उत्तरदायित्व' केलं. मोठ्याने वाचून पाहिलं तर धाप लागली. बरं, 'रिस्पॉन्सिबिलिटी'लाही आपण जबाबदारीच म्हणतो आणि एका वाक्यात दोन्ही आलेत. काय करावं?

वकील :
'दायित्व' एकटं वापरू नका, एवढं आधी सांगतो. ताळेबंदात दायित्वं म्हणजे देणी. 'सार्वजनिक दायित्व' वाचून आमच्या मंडळींना विम्याची पॉलिसी आठवते. 'जबाबदेही' हिंदीतून येऊ पाहते आहे, पण मराठीत 'देही' म्हटलं की देह आठवतो. नकोच.

व्याकरणवाला :
शब्द बदलण्याआधी विभक्ती बघा, खरी मेख तिथे आहे. 'गळतीला कोण जबाबदार?' आणि 'मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं'. दोन्हीकडे 'ला'. पण पहिल्यात 'जबाबदार' म्हणजे दोषी, दुसऱ्यात म्हणजे जाब द्यायला बांधलेला. पहिल्या 'ला'पुढे घटना असते, दुसऱ्या 'ला'पुढे माणसं किंवा सभागृह. आपल्या बातम्यांत पहिला प्रयोग इतका रुळलाय की दुसरा जवळजवळ नागरिकशास्त्राच्या पुस्तकापुरताच उरलाय. म्हणून 'मंडळ जबाबदार आहे' असं अर्धवट वाक्य लिहिलंत की वाचक विचारतो, त्यांनी काय केलं बुवा? कोणाला जबाबदार, हे त्याच वाक्यात आलंच पाहिजे.

तिसरं रूप 'ची जबाबदारी'. त्यात फक्त काम येतं, विचारणारा येतच नाही. जलवाहिनीच्या देखभालीची जबाबदारी मंडळाची. झालं! ती पार पाडली की नाही हे कोण विचारणार, याचा पत्ता नाही.

निवृत्त अभियंता :
आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. पूर्वी आम्ही सर्रास 'बेहिशेबी पाणी' म्हणायचो. केंद्रातून निघालेलं पाणी वजा बिल झालेलं पाणी, उरलं ते बेहिशेबी. शब्दच असा की पुढे कोणी विचारायचं नाही. २००० साली आंतरराष्ट्रीय जल संघटनेने पाण्याच्या ताळेबंदाचा प्रमाण नमुना काढला आणि तो जुना शब्द मोडीत काढायला सांगितलं. आता 'महसूल न मिळणारं पाणी' म्हणायचं आणि त्याचे भाग पाडायचे: फुटलेल्या नळातून गेलं ते वेगळं, चोरीचं आणि मीटरच्या चुकीचं वेगळं, आग विझवायला बिलाशिवाय रीतसर दिलं ते वेगळं.

सामाईक योजनेत यातली एक जागा कळीची: शहराच्या वेशीवरचं मोठं मीटर. त्याच्या अलीकडची गळती मंडळाची, पलीकडची शहराची. ते मीटर बंद असेल तर दोघंही छातीठोकपणे दुसऱ्याकडे बोट दाखवतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात! म्हणून मला 'हिशेब देणं' हाच शब्द जवळचा वाटतो.

वकील :
'भागीचे घोडे किवणाने मेले', दुसरं काय! पण मतदानाचे नियमही बघा. अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसराला २०१६ पासून पाणी पुरवणाऱ्या ग्रेट लेक्स वॉटर अथॉरिटीच्या मंडळावर ६ सदस्य. डेट्रॉइटचे २, तीन काउंट्यांचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचा) प्रत्येकी १ आणि राज्यपालांनी (तिथे तेही निवडून येतात) नेमलेला १. दर ठरवायला ५ मतं लागतात. उद्या दर वाढले तर नागरिकाने जाब विचारायचा कोणाला? त्याने मत दिलेल्या माणसाने नेमलेल्या माणसाला. मध्ये दोन पायऱ्या.

व्याकरणवाला :
त्याच भागातलं फ्लिंट शहर घ्या. २०११ पासून तिथला कारभार राज्याने नेमलेले आणीबाणी व्यवस्थापक पाहत होते. एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचं पाणी सोडून नदीचं पाणी सुरू केलं, गंजरोधक घातलं नाही आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. मार्च २०१५ मध्ये निवडून आलेल्या नगर परिषदेने ७ विरुद्ध १ मतांनी परत डेट्रॉइटकडे जायचं ठरवलं. व्यवस्थापकाने मानलं नाही. शहर परत गेलं ते ऑक्टोबरमध्ये. 'कशाला जबाबदार' यावर पुढे खटले झाले. 'कोणाला जबाबदार' याचं उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून कागदावर होतं: राज्य सरकारला, फ्लिंटच्या मतदारांना नव्हे.

आणि 'जाब' विसरू नका. 'जवाब'चंच झिजलेलं रूप. 'जबाब' आता बहुतेक पोलीस ठाण्यात नोंदवला जातो, पण 'जाब' अजून रस्त्यावर आहे, आणि त्याच्याबरोबर 'विचारणे' येतंच. म्हणजे विचारणारा गृहीत धरलेला. 'उत्तरदायित्व'मध्ये उत्तर आहे, देणं आहे, प्रश्न करणारा कुठाय?

अनुवादक :
पटलं. माझं जुनं वाक्य होतं: 'मंडळ सार्वजनिक उत्तरदायित्व जपेल.' नवं असं केलं: 'मंडळ सर्व शहरांतील नागरिकांना जबाबदार राहील, दर, गळती आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी खुल्या सभेत देईल आणि तिथे कोणालाही जाब विचारता येईल.' लांबलं, पण आता नुसतं 'जपेल' म्हणून सुटका नाही. 'रिस्पॉन्सिबिलिटी'ला सरळ 'काम' लिहिलं. मथळ्यात 'उत्तरदायित्व' तसंच राहिलंय, तिथे संपादक हटायला तयार नाहीत.