मिठाचा हिशोब राहिला

जपानी माणसं मासे-भात खातात म्हणून दीर्घायुषी, हे नेहमी ऐकू येणारं म्हणणं मला अर्धंच पटतं. मासे-भात तेव्हाही होताच, तरी १९५१ ते १९८० जपानमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण ब्रेन स्ट्रोक होतं! मिठाने रक्तदाब वाढतो आणि त्यातून स्ट्रोकचा धोका. उत्तरेकडच्या अकिता प्रांतात हिवाळाभर बर्फ, त्यामुळे खारवलेल्या भाज्या, खारे मासे आणि मिसोचं (सोयाबीन आंबवून केलेल्या खारट पेस्टचं) सूप. १९५०च्या दशकात तिथे माणशी रोज २५ ग्रॅमच्या वर मीठ पोटात जायचं. पुढे फ्रिज आले, खारवून टिकवायची गरज कमी झाली, रक्तदाबाच्या तपासण्या सुरू झाल्या. जपानच्याच नागानो प्रांतात तर गावातल्या स्वयंसेवक बायका घरोघरी जाऊन सुपातलं मीठ मोजायच्या. मला हे फार मोलाचं काम वाटतं.

आमच्याकडे बाबांना बीपी निघालं तेव्हा आम्ही तेल-तूप चमच्याने मोजायला लागलो. ताटात डावीकडे वाढलेली मिठाची चिमूट, लोणच्याची फोड, सांडगी मिरची, पापड यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आठवडाभर सगळं वहीत लिहिलं तेव्हा कुठे ते दिसलं. आता लोणच्याची बरणी वरच्या फळीवर असते आणि बाबा ताकही बिनमिठाचं पितात.