टेस्टिंगमध्ये पीएचडी: लातूरला राहून होईल का?

मांजराकाठ, लातूर
इथं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायलो, चौथं वर्ष. एमई झालंय, नेटचा स्कोअर आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्येच पीएचडी करायचीय. पण जो तो म्हणतो, 'टेस्टिंगमध्ये काय संशोधन? एआय घे.' गाईड मिळतील, त्यांचा विषय वेगळा. घरी आई एकटी, पुण्याला जाणं जमणार नाही. काय करावं?

गोदाकाठ, नांदेड
हेच ऐकत मी सात वर्षं काढली आणि पीएचडी याच विषयात केली, म्युटेशन टेस्टिंग. १९७८ साली डिमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी मांडलेली ही कल्पना: चांगल्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम बारीक चूक घालायची आणि आपल्या टेस्ट ती पकडतात का ते बघायचं. समजा, निकालाच्या प्रोग्रॅममध्ये '४० किंवा जास्त' याचं '४० पेक्षा जास्त' केलं. तुमच्या टेस्ट ३५ आणि ६० गुणांच्याच असतील तर दोन्ही टेस्ट पास, कव्हरेज (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या ते) १०० टक्के. आणि बरोबर ४० मिळवलेलं लेकरू नापास! वर्गात हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची पोरंही माना वर करतात.

अशी चूक घातलेली प्रत म्हणजे म्युटंट. असे हजारो म्युटंट, प्रत्येकावर पुन्हा सगळ्या टेस्ट. टेस्टने चूक पकडली की म्युटंट मेला. दिवाळीच्या सुट्टीत लॅबची वीस मशीन मागून घेतली. तिसऱ्या रात्री लाईट गेली, सगळं पहिल्यापासून. शेवटी उरले ते म्युटंट कशानेच मरेनात, कारण बदल करूनही अर्थ तोच राहिलेला. हे इक्विव्हॅलंट म्युटंट हमखास ओळखणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. मी एकेक हाताने तपासून वहीत कारण लिहीत गेलो. प्रबंध त्या वहीतूनच उभा राहिला.

डिफेक्ट्सफोरजे हा जावा भाषेतल्या प्रोग्रॅमच्या खऱ्या बगांचा (चुकांचा) संग्रह फुकट आहे, म्युटंट बनवून तपासणारं पीआयटी हे टूलही. गाईडचा विषय वेगळा असला तरी चालेल, पण तुमचं लिखाण ओळ न् ओळ वाचणारा माणूस बघा. आणि पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलला पेपर देऊ नका. माझा पहिला पेपर चार दिवसांत स्वीकारला गेला, कुणी वाचलाच नव्हता. त्याची खंत आजही आहे.

बीडची, पुण्यात टेस्टर
सरांचा विषय पटला, पण आमच्याकडे म्युटेशनला तेवढा वेळ कुणी देत नाही. आमचं रोजचं दुखणं फ्लेकी टेस्ट: कोड तोच, टेस्ट सकाळी पास, दुपारी फेल. कधी उत्तर यायच्या आधीच टेस्ट पुढे जाते, कधी आधीच्या टेस्टचा डेटा मागे उरतो. यावर कुणी नीट काम केलं तर आम्ही वाचू हो!

गोदाकाठ, नांदेड
ताई, बरोबर आहे. फ्लेकी टेस्टमुळे म्युटंट मेला की नाही हेच कळत नाही, माझे दोन महिने त्यात गेले. लातूरकर, म्युटेशन आणि फ्लेकी टेस्ट यांची ही सांधच धरा.

मांजराकाठ, लातूर
सर, उद्याच्या प्रॅक्टिकलला ४० गुणांचाच प्रोग्रॅम देतो. तुमची ती वही बघायला मिळेल का?

गोदाकाठ, नांदेड
या की. रविवारी मी घरीच असतो.